न मागितलेले दोनशे किलो

पेनिसिमानीचा हात थांबला. सहीसाठी टेकलेलं पेन वर सरकलं, इंधनाच्या आकड्यापाशी घुटमळलं, आणि मग खाली येऊन त्याने नेहमीसारखी सही ठोकली. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं. कालेसिता त्याच्याकडे पाठ करून कॉफीत साखर ढवळत होती, पण समोरचा हवामानाचा पडदा नेमका तेव्हाच काळा पडला होता आणि त्या काळ्या काचेत तिला भावाचा हात दिसला. बघायचं नव्हतं, दिसला. "झालं?" तिच्या जोडीला प्लॅन करणाऱ्या लांगीने विचारलं. "झालं," पेनी म्हणाला, त्याने टोपी उचलली, तिच्या पाठीकडे बघून जराशी मान लववली आणि धावपट्टीकडच्या दाराने तो बाहेर पडला. साखर केव्हाच विरघळली होती. ती ढवळतच राहिली.

तो तिच्या मावशीचा मुलगा. आमच्या टोंगात मावस, चुलत असले पाणी घातलेले भाऊ नसतात. भाऊ तो भाऊ. आणि बहीण खोलीत आली की भावाने उठायचं, तिच्यादेखत थट्टा करायची नाही, तिच्याशी वाद घालायचा नाही, तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. बहिणीचा मान मोठा. हे कुणी बसवून शिकवत नाही, एक दिवस ते होऊन बसतं. आदल्या दिवसापर्यंत दोघं एकाच आंब्याला दोन्ही बाजूंनी दात लावत होती, भरतीच्या वेळी खडकावरून हातात हात घालून उड्या मारत होती. मग मावशीने त्याची चटई उचलून मागच्या मुलांच्या खोपीत नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी तो पावसाच्या टाकीवर पाणी प्यायला आला, तिथे ती दिसली, आणि तो तसाच तहानलेला माघारी गेला. तिला वाटलं आपल्या हातून काहीतरी घाण काम झालंय. रात्रभर ती रडली. पुढे कळलं की तो आपला मान होता. मान असा कोरड्या घशाचा असतो हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. आणि दैवाची थट्टा अशी, की तो पायलट झाला आणि ती त्याच कंपनीत उड्डाणांचे प्लॅन करायला लागली, म्हणजे किती इंधन घ्यायचं, कुठून जायचं, तिथे उतरता आलं नाही तर कुठे पळायचं हे ती ठरवणार आणि तो सही करणार. तो आला की ती पाठ फिरवायची आणि कागद लांगीच्या हातून जायचा. रेडिओवर त्याच्याशी लांगीच बोलायचा. साहेबाने सुरुवातीला एकदा हे काय नाटक म्हणून विचारलं होतं. साहेब न्यूझीलंडचा. त्याला कोण समजावणार?

लांगीने प्लॅन केला असला की पेनी त्याला सोलून काढायचा. "एवढ्यावर तुझी सासू तरी पोचेल का रे?" "अरे दोनशे किलो वाढव. मला पोहायचंच असतं तर मी होडी घेतली असती." लांगीही कमी नाही, तो म्हणायचा, "तू रोज दोन माणसांचं जेवतोस, आता विमानालाही दोघांचं हवं होय?" दोघं खिदळायचे, भांडायचे, आणि भांडणाच्या शेवटी दोनशे किलो वाढलेले असायचे. दोनशे किलो म्हणजे आमच्या विमानाला हवेतला अर्धा तास. पण प्लॅन कालेसिताचा असला की पेनी एक अक्षर बोलत नसे. बहिणीने घातलंय ना, मग तेवढंच लागणार. हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं आणि तिची झोप उडाली. तेव्हापासून ते दोनशे किलो तीच घालायची, न मागता. तो मागणार नव्हता म्हणून. त्याच्या पानात चोरून वाढलेल्या घासासारखे ते दोनशे किलो होते, आणि त्यात तिला कुणालाही न सांगण्याजोगं सुख होतं. आज तिने ते घातले नव्हते.

आज आत्या होती. वडिलांची थोरली बहीण, तोकिलुपे. निउए बेटावरच्या देवळाचे म्हातारे पाद्री गेले, आत्याच्या सासरचे, आणि आत्या सकाळी काळे कपडे आणि कमरेला गुडघ्यापर्यंत येणारी शोकाची चटई गुंडाळून, मागे एक ट्रक घेऊन विमानतळावर हजर. ट्रकमध्ये चटया. झाडाच्या सालीच्या कापडाच्या गुंडाळ्या, एकेक उचलायला दोन गडी लागावेत अशा. "आत्या, वजन होतंय," कालेसिता म्हणाली. "मेलेल्या माणसाला रिकाम्या हाताने भेटायला जाऊ? तुझ्या बापाला हे सांग, कबरीत उठून बसेल." "अर्ध्या पुढच्या मंगळवारी पाठवते." "पुढच्या मंगळवारी काय, उकरून काढायचं त्यांना?" आत्याला नाही म्हणणारा आमच्या घराण्यात अजून जन्मायचाय. आत्याच्या पुढे कालेसिता तशीच होती जसा तिच्यापुढे पेनी. विमानाचं वजन ठरलेलं. चटया आत यायच्या तर काहीतरी बाहेर जायला हवं, आणि बाहेर काढता येण्यासारखं एकच होतं जे नियमाने लागत नव्हतं. तिने ते काढलं. हवामान बरं होतं, वारा मंद सांगितला होता, निउएला उतरता नाहीच आलं तर मागे आपल्याच वावाऊ बेटापर्यंत पोचेल एवढं आणि वर पाऊण तासाचं इंधन नियमाप्रमाणे होतं. नियमात बसत होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. आत्या खिडकीची जागा पकडून, मांडीवर एक लहानशी गुंडाळी घेऊन बसली, आणि विमान उडालं.

आणि त्याचा हात थांबला होता. म्हणजे त्याने पाहिलं होतं. म्हणजे इतकी वर्षं तो पाहत होता. ते दोनशे किलो त्याला दिसत होते, मोजलेले होते, आणि आज ते नाहीत हेही त्याला दिसलं होतं. मग विचारलं का नाही? तिने हा प्रश्न स्वतःला विचारला आणि तिलाच त्याचं हसू आलं. कारण खोलीत ती होती. त्याच्या जागी ती असती तरी तिने काय मानलं असतं? बहिणीने काढले म्हणजे काही कारण असेल. तिला काहीतरी ठाऊक असेल जे मला नाही. तिला ठाऊक काय होतं? आत्याचा आवाज. बाहेर मैदानात कुणीतरी गवत कापत होतं, आणि त्याचा गोड वास खिडकीतून येत होता.

पहिली खबर आली ती चांगली होती. रेडिओ खरखरला, पेनीने जागा सांगितली, वेळ सांगितली. लांगीने टेबलावर थाप मारली. "सुसाट निघालाय लेकाचा! वेळेच्या आधी पोचणार. बघ, तुझी आत्या पाठीमागून ढकलतेय." कालेसिताने वेळ पाहिली, पुन्हा पाहिली. लवकर का? वारा मंद सांगितला होता ना? मंद वाऱ्यात कुणी लवकर पोचत नाही. म्हणजे पश्चिमेचा वारा सुटलाय, त्याच्या पाठीला लागलाय, आणि तो त्याला त्या बेटाकडे ढकलत नेतोय. जाताना पाठ थोपटणारा वारा येताना छातीवर बसतो. निउएला उतरता आलं नाही तर वावाऊपर्यंत याच वाऱ्याच्या तोंडावर यायचं, आणि ते तिने मंद वाऱ्याच्या हिशेबाने मोजलेल्या इंधनात. भर समुद्रात एकटंच बेट ते. आजूबाजूला पाय टेकायला खडक नाही. "विचार त्याला, वारा कसा आहे," ती लांगीला म्हणाली. लांगीने विचारलं. मग पेनीचा आवाज, सपाट, पाठ म्हटल्यासारखा: "प्लॅनप्रमाणे." "इंधन?" "प्लॅनप्रमाणे." लांगीने तिच्याकडे बघून खांदे उडवले. "बघ, सगळं प्लॅनप्रमाणे आहे."

प्लॅनप्रमाणे असूच शकत नव्हतं. तो लवकर आहे हे त्यानेच सांगितलं, आणि वारा प्लॅनप्रमाणे हेही त्यानेच सांगितलं. दोन्ही खरं असेल तर त्याने विमानातून उतरून ढकललं असलं पाहिजे. तो खोटं बोलत होता. आयुष्यात तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता, कारण खोपीत गेल्यापासून तो तिच्याशी बोललाच नव्हता. आणि हे खोटंही तिच्यासाठीच होतं. शेजारी सहवैमानिक बसलेला, ही लहर इथून सामोआपर्यंत सगळे ऐकणार, आणि तिथे तो काय म्हणणार? माझ्या बहिणीचा वारा चुकला? माझ्या बहिणीने इंधन कमी घातलं? जीव गेला तरी म्हणणार नाही. जीव गेला तरी, हे शब्द तिच्या मनात सहज आले आणि मग जाईनात. तिच्या लग्नात तो भलं मोठं डुक्कर खांद्यावर घेऊन आला होता, अंगणात ठेवून फाटकाबाहेर रस्त्यावर बसून राहिला, दिवसभर, उन्हात, बहिणीच्या आनंदाच्या जागेपासून मानाच्या अंतरावर. संध्याकाळी तिने त्याला पाणी पाठवलं, मधे तीन पोरं. ग्लास रिकामा परत आला. तेवढंच त्यांचं बोलणं. तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तुझा भाऊ तुझ्यावर फार जीव टाकतो. हो, टाकतो. आत्ताही टाकतच होता, आणि त्याच्याबरोबर पाठीमागे बसलेल्या सगळ्यांचाही.

निउएहून हवामान आलं. तिथला माणूस भला, कुणाला वाईट वाटेल असं बोलवत नाही त्याला. "ढग थोडे खाली आलेत, पण बरंय. पाऊस आहे, पण बरंय." "किती खाली?" कालेसिताने फोनवर विचारलं. "झाडांपर्यंत म्हणता येईल. थोडे वर." "धावपट्टीचं दुसरं टोक दिसतंय?" "मघाशी दिसत होतं," तो आर्जवाने म्हणाला. इकडे सगळेच असे. कुणाच्याच तोंडातून नाही निघत नाही. आत्याला मी नाही म्हणत नाही, मला पेनी नाही म्हणत नाही, तो माणूस मला नाही म्हणत नाही, आणि या सगळ्या होकारांच्या टोकाला समुद्रावर एक विमान आहे. परत फिरायची एक जागा असते, तिच्यापुढे गेलं की फिरता येत नाही, आणि वाऱ्याने ती जागा कुठे सरकवून ठेवली होती हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं. त्याच्या समोर इंधनाचा काटा होता. त्या काट्यावरचं त्याला बोलायला लावायचं होतं. लांगीमार्फत तो बोलणार नव्हता. लांगीच्या मागे ती उभी आहे हे त्याला ठाऊक होतं. ती नेहमीच उभी असते.

तिने माइक उचलला. लांगीची खुर्ची कुरकुरली. "मी बाहेर जातो," तो पुटपुटला. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा कुठल्या कुठे गेली होती. "बस खाली," ती म्हणाली, आणि बटण दाबलं. "पेनी. मी कालेसिता बोलतेय." खरखर. इतका वेळ खरखर की तिला वाटलं त्याने रेडिओच बंद केला. "ऐकतोय," तो म्हणाला. त्याचा आवाज आता पाठ म्हटल्यासारखा नव्हता, भ्यालेला होता. "इंधन किती आहे ते सांग. प्लॅनमधलं नको. तुझ्या समोर दिसतंय ते." "आपला प्लॅन बरोबर आहे." "बरोबर नाहीये. दोनशे किलो मी काढले. दर वेळी घालते, आज काढले, आत्याच्या चटयांसाठी. वारा मी चुकीचा धरला. आणि तू ते सगळं पाहिलंस. तुझा हात थांबला होता, पेनी, मी बघितलं. काय विचारणार होतास?" "इथे सगळे ऐकताहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "ऐकू देत! सामोआ ऐकू दे, फिजी ऐकू दे. तुझ्या बहिणीची अक्कल शेण खायला गेली होती, हे सगळ्यांना कळू दे. पण आकडा सांग." खिडकीबाहेरचं गवत कापायचं यंत्र बंद पडलं आणि एकदम फार शांत वाटलं.

"सहाशे ऐंशी," पेनी म्हणाला. आणि मग बांध फुटावा तसं सगळं बाहेर आलं, भरभर, श्वास न घेता: मागे ढगांची काळी भिंत लागली, इथून तिथवर, तिच्यातून आलो, पंखांवर बर्फ धरायला लागलं म्हणून खाली उतरलो, खाली इंधन जास्त खातं, वारा सांगितलेल्याच्या चौपट आहे, आणि आत्याला उलटी झाली. कालेसिता लिहीत होती. तिने कागदावर आकडे जुळवले. तो निउएला जाऊन बघतो म्हणाला तर मग कुठेच पोचत नाही. तिथे ढग झाडांवर बसलेत. "निउए सोड," ती म्हणाली. "परत फीर. इकडे ये, घरी." खरखर. तिने डोळे मिटले. आता तो हो म्हणेल, तिला वाटलं. बहिणीने सांगितलं की तो फिरणारच.

"नाही," पेनी म्हणाला.

तिने डोळे उघडले.

"नाही. त्या भिंतीतून मी पुन्हा यायचा नाही. वारा तोंडावर, वर बर्फ, त्यात सगळं संपेल. तुझं चुकतंय. उत्तरेला उघडं आहे, मला दिसतंय. मी सामोआत, आपियाला जातोय. आपियाला कळव माझ्याकडे इंधन कमी आहे, रस्ता मोकळा ठेवा. आणि वाद घालू नकोस, मला वेळ नाही." तिने त्याच्या आकड्यांवर बोट फिरवलं, आपियाचं अंतर मांडलं. बरोबर होतं त्याचं. पोचल्यावर वीसेक मिनिटांचं उरत होतं, तेही सगळं नीट घडलं तर. "जा," ती म्हणाली. लांगीने आपियाला फोन लावलाच होता.

पुढे एक तास आणि वर काही वेळ तिला नुसतं बसायचं होतं. वाट बघणं हे आमच्या कामातलं असं काम आहे ज्याचं कुणी शिक्षण देत नाही. लांगीने तिच्यापुढे बिस्किटं सरकवली, मग स्वतःच खाल्ली. तिने दोनशे किलोंचा हिशेब केला: ते असते तर आत्ता हा अर्धा तास तिच्या छातीवर नसता, त्याच्या टाकीत असता. मग पुन्हा त्याचा आवाज. तुझं चुकतंय. तीस वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याशी आंब्याच्या वेळसारखा बोलला होता, आणि त्यासाठी एवढं सगळं समुद्रावर टांगायला लागलं. तिला लाज वाटत होती, आनंद होत होता, त्या आनंदाचीही लाज वाटत होती. विमान पडलं तर हा आनंद मी कुठे ठेवू? आपियात आज मंगळवारच होता आपल्यासारखा. निउएला मात्र, तारखेच्या रेषेपलीकडे, अजून सोमवार. मंगळवारी निघून सोमवारी पोचायचं ही आपल्या विमानाची नेहमीची गंमत. आज ती सगळी माणसं त्या कालच्या दिवसाकडे निघाली होती आणि वाटेतच वळली. तिने देवाचं नाव घेतलं, मग आकड्यांकडे पाहिलं, मग पुन्हा देवाचं नाव घेतलं. दोन्हीवर सारखाच विश्वास होता, म्हणजे कुठल्याच वेळी पुरेसा नव्हता.

फोन वाजला. लांगीने उचलला, ऐकलं, आणि त्याचा मोठा चेहरा एकदम ओला झाला. "उतरला," तो म्हणाला. मग पुन्हा ऐकून, रिसीव्हर हाताने झाकून, तिच्याकडे न बघता: "पेनी आहे. तुला द्यायला सांगतोय."

ती उभी राहिली. फोन कानाला लावला. त्याच्या मागे आपियाचा पाऊस नसलेला गोंगाट ऐकू येत होता, आणि आत्याचा आवाज, कुणाला तरी झापत असलेला. "तुझी आत्या बाकावर बसलीय," पेनी म्हणाला. "चटया निउएला कधी जाणार विचारतेय. मला म्हणाली, बायकांसारखा घाबरलास." कालेसिताला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडू. तोही हसला असावा. बोलायचं कसं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो."

"लांगीचा प्लॅन असता तर मी त्याची सासू काढली असती, आई काढली असती, आणि दोनशे घेऊनच निघालो असतो. तू होतीस म्हणून नाही विचारलं. हात थांबला, तेव्हाच मला कळलं होतं की विचारायला हवं. उद्या इथून परत यायचंय. भिंत अजून मधेच असेल."

"मी आत्ता प्लॅनला बसते. सगळं घालते. जेवढं मावेल तेवढं."

"कालेसिता," तो म्हणाला. तिचं नाव त्याच्या तोंडून तिने आंब्याच्या दिवसांनंतर ऐकलं नव्हतं. "लांगीला करू दे."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. नीट ऐकलं होतं.

"उद्याचा?" तिने विचारलं.

"माझे सगळे," पेनी म्हणाला. "तुझ्याशी मला भांडता येत नाही. आज आलं, पण ते रोज नाही यायचं. रागावलीस का?"

रागावले, ती म्हणणार होती. इतकी वर्षं तुझ्या पानात मी वाढलं ते काय होतं, असंही म्हणणार होती. घसा कोरडा पडला होता. पण तो बरोबर बोलत होता आणि तो विमानात बसणार होता. "नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे तुझं." मग तिने रिसीव्हर लांगीच्या हातात दिला, प्लॅनचे कागद त्याच्यासमोर ठेवले, आणि दार मागे ओढून घेऊन ती खोलीबाहेर गेली, म्हणजे त्या दोघांना मोकळेपणाने भांडता येईल.